शनिवारी पोट दुखत नव्हतं: नववीतल्या एका मुलीचं प्रकरण

सगळ्यात आधी सांगते, हे लिहायच्या आधी मी तिला विचारलंय, तिच्या आईला विचारलंय, नाव-गाव देत नाहीये आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी मुद्दाम बदलल्यात. बाकी जे झालं ते झालं तसं लिहितेय, माझी चूक धरून. आपल्यातल्या बहुतेक शिक्षकांच्या वर्गात असं एक तरी लेकरू असतंच, रोज पोट दुखणारं नाहीतर डोकं दुखणारं, आणि आपण त्याला काय म्हणतो ते आपलं आपल्याला माहितीये.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. अनुदानित माध्यमिक, आठवी ते दहावी, पट २४० च्या आसपास. मी विज्ञान शिकवते आणि २०२४-२५ ला नववीची वर्गशिक्षिका होते. इकडं सगळी कोरडवाहू शेती, कापूस-सोयाबीन निघालं की माणसं ऊसतोडीला जातात, कोल्हापूर, सांगली, सातारा, काही टोळ्या खाली कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) कोयत्यावर मिळते, हे पुढं लागणार आहे म्हणून आत्ताच लिहून ठेवते. त्या वर्षी विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं त्यामुळं आमच्या गावच्या बऱ्याच टोळ्या मतदान करूनच निघाल्या. माझ्या वर्गातल्या ४६ पैकी १७ जणांचे आई-बाप त्या आठवड्यात गेले. गाव असं रिकामं झालं की रस्त्यावर म्हातारी माणसं, कुत्री आणि शाळेचे गणवेश एवढंच दिसतं.

ही मुलगी आजीजवळ राहिली. अभ्यासात मधली, ना पुढं ना मागं, तिसऱ्या बाकावर भिंतीच्या कडेला बसायची, रांगोळी सुंदर काढायची. आठवीपर्यंत तिच्याबद्दल कुणाची एक तक्रार नाही. नववीत काय बदललं हे मला फार उशिरा लक्षात आलं. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, आमच्या गावातलं हंगामी वसतिगृहही आठवीपर्यंतच्याच पोरांसाठी. म्हणजे आठवीपर्यंत दुपारी खिचडी होती आणि आई-बाप गेले की सांजच्याला वसतिगृहात चार पोरींसोबत जेवण-झोपणं होतं, नववीत गेली आणि एका जूनमध्ये दोन्ही गोष्टी गेल्या. तिची भूक काही आठवी पास होऊन थांबली नव्हती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालं. "मॅडम, पोट दुखायलंय." पहिल्या दिवशी ओवा आणि गरम पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात झोपवलं. तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं, आणि मग ते रोजचंच होऊन बसलं, साडेअकरा-बारा वाजले की हात वर, चेहरा पांढरा, कपाळावर घाम. डिसेंबरचं हजेरीपत्रक नंतर काढून बघितलं तर २३ पैकी ११ दिवस ती मधल्या सुट्टीच्या आधीच घरी गेलेली.

आजीनं आधी दृष्ट काढली, मग शेजारच्या गावातल्या देवर्षीकडं नेऊन अंगारा आणला. मी त्यावर वाद घातला नाही, अंगारा लावा पण दवाखान्यातही चला एवढंच म्हणाले आणि ती आली. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर बाईंनी नीट वेळ देऊन विचारलं. रात्री झोपेतून दुखून जाग येते का, वजन उतरलंय का, ताप, उलट्या, शौचातून रक्त, लघवीला जळजळ, पाळीशी काही संबंध? सगळ्याला नाही. सोनोग्राफी नॉर्मल, लघवीची तपासणी नॉर्मल. हिमोग्लोबिन मात्र ९.६, तिच्या वयाला निदान १२ तरी पाहिजे.

इथं मला वाटलं सापडलं कारण! शाळेत दर सोमवारी लोहाची निळी गोळी देतो आपण, ती उपाशी पोटी घेतली की मळमळतं, पोटात ढवळतं. विचारलं, सकाळी काय खाऊन येतेस? गप्प. परत विचारलं तेव्हा कळलं की आजी पहाटेच दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जाते, भाकरी रात्रीचीच असते, ती कधी खाते कधी नाही. मग मधल्या सुट्टीत ती, मी आणि अजून दोन शिक्षिका एकत्र डबा खायला लागलो आणि तिची गोळी जेवणानंतर द्यायचं ठरलं. सोमवारची मळमळ थांबली. पोट दुखायचं थांबलं नाही.

आता माझी चूक. आमच्याकडं मधल्या सुट्टीच्या आधीचा तास गणिताचा असायचा. गणिताचे सर जुने, मनापासून शिकवणारे, पण त्यांची एक पद्धत, चाचणीचे मार्क वरून खाली मोठ्यानं वाचायचे आणि शेवटच्या पाच जणांना उभं करायचं. एनसीईआरटीच्या २०२२ च्या सर्वेक्षणात देशभरातल्या जवळपास ३ लाख ८० हजार मुलांना विचारलं होतं, त्यातल्या ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण सांगितलं होतं. शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून निवडतात, आमच्या शाळेतून त्यातली एक मी, प्रशिक्षण झालेलं, भावनिक आरोग्यावरचं सत्र मन लावून ऐकलेलं, त्यामुळं हा आकडा मला पाठ होता. आणि मी तो उचलून सरळ तिच्यावर ठेवला. गणिताला घाबरते, विषय संपला.

डिसेंबरच्या मध्याला एका दिवशी तिनं परत हात वर केला आणि माझ्या तोंडून भरल्या वर्गात निघून गेलं, "गणित आलं की बरोबर दुखतं गं तुझं पोट." वर्ग हसला. ती हसली नाही, रडलीही नाही, दप्तर उचलून बसूनच राहिली. पुढचे चार दिवस शाळेत आली नाही.

त्या चार दिवसांत मी काय काय विचार केला ते लिहीत नाही. पाचव्या दिवशी घरी गेले. पत्र्याचं घर, अंगणात तीच बसलेली, शेळीला पाला टाकत. मी तिला म्हणाले, माझं चुकलं, तुझं पोट खरंच दुखतं हे मला माहितीये आणि मी वर्गात तसं बोलायला नको होतं, उद्या वर्गातही सांगते. ती म्हणाली, "वर्गात नका सांगू मॅडम." बरं, नाही सांगत म्हणाले. मला वाटतं आमच्यातलं खरं बोलणं त्या दिवसापासून सुरू झालं, कारण मोठं माणूस माफी मागतंय हे तिनं बहुधा पहिल्यांदाच बघितलं असावं.

पोट खरंच दुखतं हे मी तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले नव्हते. चेतासंस्था मी नववीलाच शिकवते. आतड्यांना मज्जातंतूंचं स्वतःचं मोठं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत जोडलेलं असतं, भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडं वळतं, आतड्यांची हालचाल बिघडते, कळ येते, घाम येतो. हे सगळं होताना लेकराला "मला भीती वाटतेय" असं काही कळतच नाही, त्याला फक्त पोट कळतं. सोनोग्राफीत यातलं काही दिसत नाही म्हणून आपण बहाणा म्हणून मोकळे होतो.

मग आम्ही दोघींनी एक शंभर पानी वही केली. दुखलं की तिनं लिहायचं, तारीख, वेळ, कुठला तास, सकाळपासून काय खाल्लं, किती वेळ दुखलं आणि दहापैकी किती. कारण लिहायचं नाही हे मी मुद्दाम सांगितलं, कारण "का दुखतंय" विचारलं की पोरं आपल्याला हवं ते उत्तर देतात. तीन आठवडे तिनं इमानदारीनं लिहिलं, तिचं अक्षर रांगोळीसारखंच.

जानेवारीत एका रविवारी मी वही घेऊन बसले. दुखण्याची वेळ बहुतेक पावणेबारा ते साडेबारा. गणिताचा तास तेव्हाच, म्हणजे माझं म्हणणं खरं ठरत होतं की. पण शनिवारची तिन्ही पानं कोरी होती. शनिवारी आमची सकाळची शाळा, साडेसात ते साडेअकरा, आणि शनिवारी गणित दुसऱ्याच तासाला असतं! चाचणीसुद्धा सर शनिवारीच घ्यायचे. गणितानं दुखत असतं तर शनिवारी सगळ्यात जास्त दुखायला पाहिजे होतं, आणि तिथं तर एक ओळ नाही.

सोमवारी डबा खाताना सहज विचारलं, शनिवारी घरी जाऊन काय करतेस गं?

"फोनपाशी बसते."

हळूहळू जे बाहेर आलं ते असं. तिचा बाप टायरगाडीवर, म्हणजे ऊस वाहायच्या बैलगाडीवर. पहाटे तीन-चारला ऊस तोडायला लागतात, गाडी भरून तो कारखान्यावर जातो आणि तिथं नंबरला लागला की त्याला तास-दोन तास मोकळे मिळतात. ती वेळ साधारण बारा-एकची. तेव्हा तो घरी फोन लावतो. घरी आजीचा बटनाचा फोन, पण हरवेल म्हणून आजी तो रानात नेत नाही, कोनाड्यात ठेवून जाते. म्हणजे रोज दुपारी बारा वाजता रिकाम्या घरात फोन वाजत राहतो. पोरगी संध्याकाळी येऊन बघते, दोन मिस कॉल, तीन मिस कॉल. उलट लावता येत नाही कारण रिचार्ज संपलेला, फक्त इनकमिंग चालू. रात्री बापाचा फोन बंद नाहीतर रेंजच्या बाहेर. आणि नोव्हेंबरच्या शेवटी कुणाच्या तरी मोबाईलवर तिनं घाटात ऊसाची ट्रॉली उलटल्याचा व्हिडिओ बघितला होता. त्यानंतर चार दिवस बापाचा मिस कॉलही आला नाही, झालं काहीच नव्हतं, फोन पाण्यात पडला होता. पण पोट दुखायला लागलं ते त्याच आठवड्यात.

बारा वाजले की तिचं अख्खं शरीर घराकडं ओढ घ्यायचं. घरी गेली, फोन वाजला, बापाचा आवाज ऐकला की अर्ध्या तासात पोट दुखायचं थांबायचं. ती हे ठरवून करत नव्हती, हे परत परत सांगते, कारण स्टाफरूममध्ये हे सांगितल्यावर पहिलं वाक्य हेच आलं की "म्हणजे नाटकच करत होती ना". नाटक करणाऱ्याला घाम फुटत नाही, आणि तिला स्वतःला ही सांगड वही बघून माझ्यासोबतच कळली. वहीकडं बघत ती बराच वेळ शनिवारच्या कोऱ्या पानावर बोट फिरवत होती.

उपाय अगदी साधा निघाला. मी बापाला फोन लावून सांगितलं, नंबरला लागलात की माझ्या मोबाईलवर एक मिस कॉल द्या, बोलायची गरज नाही, पैसे जायची गरज नाही, फक्त रिंग. मुख्याध्यापकांना आधी विचारलं कारण शाळेत तासाला मोबाईलला बंदी आहे, ते तयार झाले, आणि मी कुठल्याही वर्गावर असले तरी रिंग आली की मधल्या सुट्टीत तिच्याकडं बघून मान हलवायची एवढंच ठरलं. आईशी बोलणं रविवारी संध्याकाळी, आजीच्या फोनवर, अर्धा तास. बाप पहिल्या दिवशी म्हणाला, "मॅडम, आम्हाला वाटलं पोरगी मोठी झाली, तिला काय फोनचं." आवाज दाटला होता त्याचा.

डॉक्टर बाईंशी परत बोलून अजून एक गोष्ट बदलली. दुखलं की घरी पाठवणं बंद. ग्रंथालयात १५ मिनिटं बसायचं, गरम पाणी प्यायचं, श्वास चारपर्यंत मोजत घ्यायचा आणि सहापर्यंत मोजत सोडायचा, मग परत वर्गात, भले मागच्या बाकावर बसायचं. घरी पाठवलं की त्या दिवशी बरं वाटतं पण शरीर शिकून ठेवतं की पळालं की सुटका होते, आणि दुसऱ्या दिवशी ते अजून लवकर दुखायला लागतं. ही गोष्ट मला आधी माहिती असती तर ते ११ दिवस मी तिला घरी धाडलं नसतं. आपण दया म्हणून पाठवतो, आणि प्रत्येक वेळी शाळा तिच्यासाठी थोडी अजून अवघड होत जाते.

जानेवारीच्या शेवटापर्यंत वहीतले आकडे सात-आठवरून तीन-चारवर आले. इथंच थांबले असते तर हे प्रकरण गोड झालं असतं, आणि फार मोठी गोष्ट सुटून गेली असती.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला शाळा सुटल्यावर ती रेंगाळली. म्हणाली रात्री झोप येत नाही. मग म्हणाली, पुढच्या वर्षी तिला पण नेणार आहेत. मला आधी कळलं नाही, मग कळलं. आजीच्या नात्यातलं एक स्थळ सांगून आलं होतं. लग्न झालं की नवा कोयता, नव्या कोयत्याला नवी उचल, आणि मागच्या वर्षीची उचल अजून फिटलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे (एनएफएचएस-५), म्हणजे २०१९-२१ चे आकडे बघा, २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये १८ च्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के आणि बीडमध्ये ४३.७. माझ्या वर्गात तेव्हा २१ मुली होत्या, मी हिशोब करून बघितला आणि वही मिटली.

मग ती म्हणाली, "कधी कधी वाटतं सकाळी उठूच नये."

हे वाक्य ऐकलं की आपल्याला काहीतरी चांगलं बोलून विषय बदलावा वाटतो. अगं असं नाही बोलायचं, किती छान रांगोळी काढतेस तू वगैरे. प्रशिक्षणात सांगितलेलं एवढं एक मला नेमकं त्या वेळी आठवलं की सरळ विचारायचं, विचारल्यानं विचार डोक्यात घातला जात नाही, उलट लेकराला मोकळं होता येतं. मी विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का? ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, मरावं नाही वाटत, पण नसावं वाटतं. कधी काही करायचं ठरवलं होतंस का? नाही म्हणाली. मी तिला तिथंच सांगितलं, तू मला सांगितलंस हे फार बरं केलंस, पण ही एक गोष्ट मी एकटीजवळ ठेवणार नाही, तुला सुरक्षित ठेवायला मला आजीला आणि एका डॉक्टरला सांगावं लागेल, कुणाला काय सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू. ती चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, स्थळाचं आजीला मी बोलले असं सांगू नका. ते मी पाळलं.

त्याच संध्याकाळी माझ्या घरून आम्ही टेलिमानसला फोन लावला, १४४१६. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. स्पीकरवर ठेवून मी पाच मिनिटं बोलले, मग ती वीस मिनिटं बोलली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पलीकडच्या ताईंनी तिला नीट ऐकून घेतलं, मला दोन गोष्टी बजावल्या. एक, काही दिवस रात्री तिला एकटं ठेवायचं नाही. दोन, घरात शेतीचं औषध असेल तर ते आज हलवायचं, उद्या नाही. कापसाच्या फवारणीचे उरलेले डबे इकडं प्रत्येक घराच्या आढ्याला असतात, आपल्याला ते दिसेनासेच झालेत. मी आणि आजीनं रात्री नऊला ते उचलून शेजारच्यांच्या कुलपात ठेवले. प्रत्येक वर्गशिक्षकानं या भागात ही एक गोष्ट तरी लक्षात ठेवावीच असं मला वाटतं, कारण अवघड क्षण बहुतेकदा थोडाच वेळ टिकतो आणि त्या वेळेला हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं.

आजीला वाटलं मी पोरीला वेडी ठरवते. "माझी लेक येडी न्हाई मॅडम." मी म्हणाले, आजी, तुमचं गुडघं दुखतं तेव्हा तुम्ही दवाखान्यात जाता, हिचं काळीज दुखतंय. जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकाची आमच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या दिवशी ओपीडी असते, तिथं आम्ही तिघी गेलो, बापाची परवानगी फोनवरून. डॉक्टरांनी चिंता विकार सांगितला, लगेच औषध सुरू केलं नाही, झोपेची वेळ ठरवून दिली, दर महिन्याला यायला सांगितलं आणि तिथल्या समुपदेशक ताई तिच्याशी दर वेळी पाऊण तास बोलायच्या. एप्रिलपर्यंत तीन वेळा गेलो. एसटीचे पैसे, माझी अर्धी रजा, आजीची बुडालेली मजुरी, हे सगळं धरूनच "डॉक्टरकडं न्या" म्हणायला पाहिजे. सांगणं सोपं असतं.

स्थळाचं काय केलं? शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे, २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत असते, आमची फक्त रजिस्टरवर होती. ती खरीखुरी बोलावली, अंगणवाडीच्या ताई आणि पालक प्रतिनिधी आले. ग्रामसेवकालाही बोलावलं, कारण गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो. कुणाच्या घराचं नाव न घेता गावात दवंडीसारखं सगळ्यांना सांगितलं की यंदा १८ च्या आतलं लग्न ठरलं तर १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन जाईल. स्थळवाले थांबले. त्या वर्षी ऊस कमी होता, बरेच कारखाने मार्चमध्येच बंद झाले आणि टोळ्या लवकर परतल्या, त्यामुळं पाडव्याआधी आई घरी होती. आई आली त्या आठवड्यात वहीत एकही नोंद नाही. तिच्या बापाशी बोलायला मात्र मी एकटी गेले नाही, गणिताच्या सरांना घेऊन गेले, कारण बाप त्यांचाच जुना विद्यार्थी. सर म्हणाले, दहावी होईपर्यंत तू शब्द काढायचा नाहीस. त्यानं मान हलवली. सरांच्या मार्क वाचायच्या पद्धतीवर मी इतकं लिहिलंय म्हणून हेही लिहिलंच पाहिजे, त्या दिवशी काम त्यांच्यामुळं झालं.

मार्क वाचायचं त्यांनी लगेच थांबवलं नाही. वीस वर्षं वाचतोय, पोरं घडली, हे त्यांचं म्हणणं. शेवटच्या पाचात उभ्या राहणाऱ्या एका मुलानं आमच्या वहीसारखीच वही करून मला आणून दिली, त्यात चाचणीच्या आदल्या रात्रीच्या डोकेदुखीच्या नोंदी, ती मी सरांना वाचायला दिली आणि काहीच बोलले नाही. जूनपासून सर उत्तरपत्रिका उलट्या करून हातात देतात. नंतर २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात मार्कांवरून वर्ग वेगळे करणं, चारचौघांत लाज काढणं हे बंद करायला सांगितलंय आणि १०० किंवा त्याहून जास्त मुलं असलेल्या संस्थेत एक तरी प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलंय. आमचा पट २४०, समुपदेशक शून्य. प्रस्ताव पाठवलाय, एक आठवणपत्रही पाठवलंय.

समुपदेशक यायची वाट न बघता मिस कॉलचं मात्र आम्ही वाढवलं. ऑफिसमध्ये एक साधा मोबाईल ठेवलाय, रिचार्ज आम्ही शिक्षक पाळीपाळीनं करतो, आणि शिपाई मामांकडं एक वही आहे, ज्यांचे आई-बाप कारखान्यावर आहेत त्या पोरांची नावं आणि समोर रोजचा रकाना. रिंग आली की मामा टिक करतात, मधल्या सुट्टीत पोरं येऊन आपलं नाव बघून जातात. दोन दिवस टिक नसेल तर मामा मुकादमाला फोन लावतात. बाहेरून बघणाऱ्याला हे काहीच वाटणार नाही. पण त्या वहीसमोर सव्वाबाराला जी गर्दी होते ना, ती बघायला तुम्ही कधीतरी या.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, आमच्याकडचा कापूस काळा पडला, सोयाबीन रानातच कुजलं, आणि गळीत हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. वहीत यंदा ३४ नावं आहेत. ती आता दहावीत. नोव्हेंबरात तिचं दोनदा दुखलं, दोन्ही वेळा तिनं स्वतःच येऊन सांगितलं, ग्रंथालयात बसली आणि तासाला परत गेली. झोप बरी लागते म्हणते. फवारणीचे डबे अजून शेजारीच आहेत. ओपीडीला आता तीन महिन्यांतून एकदा जायचंय, पुढची वेळ जानेवारीत.

दहावीचा फॉर्म भरला. बाप या वेळी निघताना शाळेत येऊन माझा नंबर बरोबर आहे का ते स्वतः तपासून गेला. त्यानं मान हलवली होती ती दहावी होईपर्यंतच, आणि परीक्षा मार्चमध्ये संपते, टोळ्याही साधारण तेव्हाच परततात. तिचे १८ पूर्ण व्हायला त्यानंतरही दोन वर्षं राहतात. तालुक्याच्या कॉलेजात अकरावी आणि ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठीचं सरकारी वसतिगृह, याची चौकशी मी आणि सर नाताळच्या सुट्टीत करून येणार आहोत, म्हणजे मार्चमध्ये त्याच्या अंगणात परत जाऊन बसताना हातात फॉर्म असेल.